वय वंदना कार्ड ते डिस्चार्ज : खानदेशातल्या ज्येष्ठांसाठी सरकारी आरोग्य विमा

आबांनी सत्तरी ओलांडली की घरात योजनांची नावं एकदम सुरू होतात. कुणी म्हणतं मोदींचं कार्ड काढा, कुणी म्हणतं जीवनदायीत बसतं, शेजारचा सांगतो की पांढरं रेशनकार्ड असेल तर काहीच मिळत नाही. तिन्ही गोष्टी अर्धवट आहेत. हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी आहे. आई-वडील गावाला आणि मुलगा पुण्यात किंवा सुरतला असेल, तर त्याला जास्तच उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कार्ड काढणं हे यातलं सोपं काम. ते कार्ड कोणत्या दवाखान्यात, कोणत्या आजाराला, कोणत्या टप्प्यावर चालतं हे आधी माहीत नसेल तर ऐन वेळी काउंटरवर उभं राहून नुसती चिडचिड होते.

आधी ओळख : योजना दोन, काउंटर एक

राज्याची योजना म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत आपलं धुळे होतं. २०१७ मध्ये नाव बदललं, पण आजही निम्मे लोक काउंटरवर "जीवनदायी" असंच म्हणतात आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

केंद्राची योजना म्हणजे आयुष्मान भारत, २०१८ पासूनची. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात या दोन्ही एकत्र चालवल्या जातात, म्हणून दवाखान्यातला बोर्ड एकच दिसतो आणि माणूसही एकच असतो : आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसून योजनेचं काम बघणारा माणूस. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

पांढऱ्या कार्डाचं काय? राज्य सरकारने जुलै २०२३ च्या निर्णयाने फुले योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली केली, पांढरी शिधापत्रिकाही त्यात आली. शिधापत्रिका नसेल तर अधिवास प्रमाणपत्रावरही काम होतं. त्याच निर्णयाने विम्याची रक्कम दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये झाली आणि उपचारांची संख्या १,३५६ झाली. तेव्हा "पांढरं कार्ड आहे, आपल्याला नाही" हे आता कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

मग सत्तरीचं वेगळं काय? २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. त्याचं कार्ड वेगळं असतं, नाव आयुष्मान वय वंदना कार्ड. निवृत्त हेडमास्तर, केळीचे मोठे बागायतदार, सराफ, सगळे यात बसतात. उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला तर तो माणूस दुसऱ्याच कुठल्या योजनेबद्दल बोलतोय असं समजा.

इथे हिशेबात बऱ्याच जणांचा घोळ होतो. समजा घरात आबा ७४ चे आणि माय ७१ ची आहे. दोघांची कार्डं वेगळी निघतील, पण ५ लाख दोघांत मिळून आहेत. आबांच्या हृदयाच्या ऑपरेशनला एका वर्षात त्यातले दोन लाख गेले, तर त्या वर्षात उरलेले तीन लाख दोघांसाठी. माय ६६ ची असेल तर ती वय वंदनात येणारच नाही. तिचा उपचार शिधापत्रिकेवर, घरातल्या बाकीच्यांबरोबर. आणि तुमचं कुटुंब आधीपासूनच आयुष्मान योजनेत असेल, तर सत्तरीपुढच्यांचे हे ५ लाख घरच्या ५ लाखांशिवाय जादा असतात. नातवाच्या ऑपरेशनने आजोबांचा वाटा कमी होत नाही.

साठीच्या पुढे पण सत्तरीच्या आत असलेल्यांना वाटतं आपल्यासाठी काही नाही. आहे, फुले योजना आहे. फक्त शिधापत्रिकेवर त्यांचं नाव हवं. मुलाने वेगळं कार्ड काढताना म्हाताऱ्यांची नावं जुन्यातून कमी झाली आणि नव्यात चढलीच नाहीत, हा प्रकार आपल्याकडे फार. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन नाव ऑनलाइन दिसतंय का एवढं आजच बघून घ्या.

पहिली पायरी : आधार बघा, कार्ड नंतर

वय वंदना कार्डासाठी आधार हा एकच कागद लागतो. म्हणूनच आधार चुकलेलं असेल तर सगळं तिथेच अडतं. तीन गोष्टी तपासा.

जन्मतारीख. वय आधारवरून धरलं जातं, शाळेच्या दाखल्यावरून नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीचे निम्मे वाढदिवस १ जानेवारीला असतात, कारण आधार काढताना साल अंदाजे सांगितलं गेलं. अंदाज दोन-चार वर्षांनी कमी लागला असेल तर बहात्तरीचा माणूस कागदावर अडुसष्टचा राहतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा पेन्शनचा आदेश असेल तर आधार केंद्रावर दुरुस्ती होते. जन्मतारखेची दुरुस्ती साधारण एकदाच करता येते, म्हणून पुरावा हातात घेऊनच जा.

मोबाइल नंबर. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर येतो. तो नंबर बरेचदा कुठल्या तरी भाच्याचा, किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा निघतो. आधार केंद्रावर, बऱ्याच पोस्ट ऑफिसातही, चालू नंबर जोडून मिळतो.

बोटांचे ठसे. कापूस वेचून, विळा-कोयता चालवून ज्यांची हयात गेली त्यांच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. सेवा केंद्रावर म्हातारीचा अंगठा पाचव्यांदा पुसून यंत्रावर दाबतात, लाल दिवा लागतो आणि ती बिचारी "मनाच हात खराब" म्हणून ओशाळते. हातात काही खराब नसतं. ओळख पटवायला ओटीपी, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा हे आणखी तीन मार्ग आहेत. ठसा लागत नाही म्हणून परत पाठवत असतील तर "चेहऱ्याने करा" असं स्पष्ट सांगा.

दुसरी पायरी : कार्ड काढणं

मोबाइलवर 'आयुष्मान' हे सरकारी अ‍ॅप घ्या. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं आहे का ते बघा, सारख्या नावाची भुरटी अ‍ॅपही असतात. लाभार्थी म्हणून मोबाइल नंबरने लॉगिन करा. सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीसाठी वेगळा पर्याय दिसतो, तो निवडा. राज्य, जिल्हा, आधार क्रमांक भरा. मग ओळख पटवणं, मग त्याच वेळी काढलेला फोटो. फोटो घराबाहेर उजेडात काढा, टोपी-उपरणं बाजूला ठेवून, कारण तो आधारवरच्या फोटोशी ताडून बघतात. शेवटी पत्ता, पिनकोड, घरच्यांची माहिती. मंजुरी आली की कार्ड उतरवून घ्या.

अ‍ॅप जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्र, गावातल्या आशाताई, किंवा योजनेतल्या कोणत्याही दवाखान्यातला आरोग्यमित्र. कार्डाला सरकारी फी नाही.

मिळाल्यावर दोन कामं करा. कार्डाचा फोटो घरातल्या दोन-तीन फोनवर ठेवा. आणि एक छापील प्रत आधारच्या झेरॉक्ससोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अशा जागी ठेवा जी आजीलाही माहीत आहे. रात्री दोनला छातीत दुखायला लागतं तेव्हा पुण्यातल्या मुलाचा फोन लागेलच असं नाही.

यात काय बसत नाही

हे आधी समजलं तर निम्मे वाद मिटतात. ही योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, डॉक्टरची तपासणी फी, चष्मा, कवळी, अशक्तपणा म्हणून लावलेली सलाइनची बाटली, हे यात येत नाही. ज्येष्ठांचा महिन्याचा खरा खर्च नेमका हाच असतो, हे दुखणं खरंच आहे, पण त्याची सोय दुसरीकडे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात शुगर-बीपीची तपासणी होते, नेहमीच्या गोळ्या मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून सगळंच मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे किरकोळ शुल्क लागू शकतं. विकतच घ्यायच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी दुकानात दर विचारा. फरक बघून आश्चर्य वाटेल.

मोतीबिंदूसाठी थेट मोठ्या खासगी दवाखान्यात जायच्या आधी सरकारी रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

बसतं काय? हृदयाच्या शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, कॅन्सरची केमो आणि रेडिएशन, डायलिसिस, मूत्रपिंडाचे आजार, मेंदूच्या शस्त्रक्रिया, बरीच हाडांची ऑपरेशनं. म्हणजे घर विकायला लावणारे खर्च. जुना आजार असला तरी चालतो. खासगी पॉलिसीत असते तशी दोन-तीन वर्षं थांबायची अट इथे नाही, कार्ड मंजूर झालं की पहिल्या दिवसापासून लागू. मात्र यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. सांधा बदलायचा असेल, हर्नियासारखं थांबू शकणारं ऑपरेशन असेल, तर खासगीत बेड घ्यायच्या आधी हे विचाराच.

तिसरी पायरी : दवाखान्याच्या दारात

खरी परीक्षा इथे असते, म्हणून जरा सविस्तर.

दवाखाना योजनेत आहे का, हे बोर्डावरून ठरवू नका. बोर्ड जुना असू शकतो, आणि दवाखाना योजनेत असला तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही, असं सर्रास असतं. १५५३८८ या राज्याच्या टोल फ्री क्रमांकावर, किंवा १४५५५ या आयुष्मानच्या क्रमांकावर, दवाखान्याचं नाव आणि आजार दोन्ही सांगून विचारा. खासगीत गोंधळ वाटला तर धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावचं आणि नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही तीन ठिकाणं आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आहेतच. गर्दी असते, रांग असते, पण योजना तिथे चालते.

आत गेल्यावर कॅश काउंटरकडे न जाता आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. सोबत आधार, वय वंदना कार्ड किंवा शिधापत्रिका, आणि आजाराचे सगळे जुने कागद हवेत. तो नोंदणी करतो. डॉक्टर तपासून ठरवतात की हा उपचार यादीतल्या कोणत्या पॅकेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या दराच्या उपचारात, बसतो. मग दवाखाना ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतो. मंजुरी आली की ऑपरेशन. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून दिले तरी चालतात. पण "आमच्याकडे कार्ड आहे" हे भरतीच्या वेळीच सांगितलेलं असलं पाहिजे. तीन दिवस खासगी म्हणून राहून, बिल वाढल्यावर चौथ्या दिवशी कार्ड काढलं तर फार अवघड होतं.

आरोग्यमित्राला तीन प्रश्न थेट विचारा : हा आजार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो? मंजुरी आली का, आणि आली असेल तर किती रुपयांची? आम्हाला पदरचं काही भरावं लागणार आहे का, आणि लागणार असेल तर कशासाठी? उत्तरं एका कागदावर लिहून घ्या. समोर लिहून घेणारा माणूस दिसला की उत्तरं जरा नीट मिळतात, हा माझा अनुभव.

मंजूर पॅकेजमध्ये बेड, ऑपरेशन, भूल, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण हे सगळं धरलेलं असतं. स्टेंटसारखं जे शरीरात बसवायचं तेही पॅकेजच्या ठरलेल्या किमतीत असतं. डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांची औषधंही योजनेत असतात, आयुष्मानच्या राष्ट्रीय नियमात ती मुदत १५ दिवसांची आहे. फुले योजनेत घरी परतायचं एका वेळचं एसटी भाडंही धरलेलं आहे. हे भाडं फारसं कुणी मागत नाही. तुम्ही मागा.

सही करायच्या आधी कागद वाचा. "मला योजनेचा लाभ नको, मी स्वखर्चाने उपचार घेतो" अशा अर्थाचा मजकूर असलेल्या कागदावर घाईत सही झाली की नंतर तक्रारीला जोर राहत नाही. तो कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, त्यात उर्मटपणा काही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : योजनेबाहेरच्या दवाखान्यात पैसे भरून नंतर पावत्या दाखवून परतावा मिळत नाही. योजना फक्त कॅशलेस आहे. "आधी भरा, नंतर सरकारकडून मिळतील" असं कुणी म्हणालं तर भरू नका.

सुरत, पुणे, बऱ्हाणपूर

आपल्याकडच्या किती घरांचा एक पाय सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये आहे हे सांगायला नको. नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत जवळ, रावेरकडच्यांना बऱ्हाणपूर. आयुष्मानचं कार्ड, वय वंदना धरून, योजना राबवणाऱ्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत दवाखान्यातही चालतं. गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही योजनेत आहेत. म्हणजे मायला मुलाकडे सुरतला असताना त्रास झाला तर तिला भुसावळ पॅसेंजरमध्ये घालून परत आणायची गरज नाही. निव्वळ शिधापत्रिकेवर, फुले योजनेच्या भरवशावर, सुरतला भरती झालात तर मात्र तिथल्या काउंटरला ते लागू पडेल असं धरून चालू नका. दरवर्षी हिवाळ्यात मुलाकडे राहायला जाणाऱ्या सत्तरीपुढच्यांनी म्हणूनच वय वंदना कार्ड काढून ठेवावं, घरात शिधापत्रिका असली तरी.

रेल्वे, ऑर्डनन्स, फौजी आणि खासगी पॉलिसीवाले

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात केंद्र सरकारचे निवृत्त भरपूर. सीजीएचएस (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची आरोग्य योजना), माजी सैनिकांचं ईसीएचएस यांसारख्या योजनांत असलेल्या सत्तरीपुढच्यांना दोन्ही मिळत नाही. आहे ती ठेवा किंवा आयुष्मान घ्या, अशी निवड करावी लागते. इथे घाई करू नका. ईसीएचएस आणि सीजीएचएसमध्ये ओपीडी आणि रोजची औषधंही येतात, आयुष्मानमध्ये नाहीत. नुसतं "फुकट मिळतंय" म्हणून जुनी सोय सोडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. जवळचं केंद्र फारच लांब असेल आणि कधी जाणंच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. रेल्वेच्या निवृत्तांनीही आपल्या वैद्यकीय कार्डाबद्दल आधी रेल्वे रुग्णालयात विचारून मगच पुढे जावं.

खासगी पॉलिसी किंवा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) असलेल्यांना अशी निवड करावी लागत नाही, ते दोन्ही ठेवू शकतात. एजंट "आता पॉलिसी बंद करा" म्हणाला किंवा "सरकारी कार्ड काढलं तर पॉलिसी रद्द होईल" म्हणाला, दोन्ही वेळी दुर्लक्ष करा. प्रीमियम झेपत असेल तर पॉलिसी चालू ठेवा, योजनेत नसलेल्या दवाखान्यात तीच उपयोगी पडेल.

पैसे मागितले तर

"मनाजोडे कार्ड शे, मंग पैसा कसाना?" (माझ्याकडे कार्ड आहे, मग पैसे कशाचे?) हा प्रश्न दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये रोज ऐकू येतो. कधी उत्तर खरं असतं : उपचार यादीत नाही, किंवा तुम्ही जादा सोयीची खोली मागितली. कधी नसतं.

आधी मागणी लेखी मागा. "डिपॉझिट भरा" हे तोंडी सांगणं सोपं असतं, शिक्क्यानिशी लिहून देणं अवघड. मग आरोग्यमित्र. तो टाळतोय असं वाटलं तर दवाखान्यातूनच १५५३८८ वर फोन लावा, तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. फोनवर रुग्णाचं नाव, कार्ड क्रमांक, दवाखाना, किती पैसे आणि कोणत्या कारणाने मागितले एवढंच सांगा, बाकी कहाणी नंतर. योजनेचे जिल्हा समन्वयक असतात, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातही अर्ज देता येतो. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवा. पावती देत नसतील तर रोख देऊ नका, फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते.

उपचार यादीत खरंच नसेल तर दोन दारं अजून उघडी आहेत. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. इथे मात्र तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दुसरं दार मुख्यमंत्री सहायता निधीचं. त्यासाठी दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, म्हणून ते डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी मागून ठेवा.